आधीच्या मिसची पेन्सिल

पुण्यात पियानो शिकवायचा म्हटलं की अगदी पहिल्या सुरापासून शिकायला येणाऱ्या मुलांबरोबर मधूनच येणारी मुलंही बरीच असतात. कुणाच्या वडिलांची लष्करातून इथे बदली झालेली असते, कुणाचं घर बंगळुरूहून हिंजवडीला आलेलं असतं. कुणाच्या आधीच्या मिस लग्न होऊन परदेशी गेलेल्या असतात, कुणाच्या सरांनी वयोमानामुळे क्लास बंद केलेला असतो. काही जण परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून येतात, काही ‘कीबोर्ड झाला, आता खरा पियानो’ म्हणून. काही घरी नुसतंच सांगितलेलं असतं, “तिथे नाही जमत हो.” त्यामागे काय असतं ते पुढे हळूहळू कळतं.

इतकी वर्षं अशी मुलं शिकवताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. शिक्षक बदलल्यावर मूल टिकणार की पियानो सोडणार, हे बहुतेक वेळा पहिल्या दोनेक महिन्यांत ठरतं. नवा शिक्षक स्वतः किती चांगलं वाजवतो यापेक्षा, आधीच्या शिक्षकानं केलेल्या कामाशी तो कसा वागतो यावर ते ठरतं.

पहिल्या दिवशी मी शिकवत नाही. “तुला आवडतं ते वाजव,” एवढंच म्हणते. मूल वाजवतं, मी ऐकते, आणि चूक झाली तरी थांबवत नाही. एक झालं की दुसरं मागते. आई-वडील खुर्चीच्या टोकावर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात, ‘किती बिघडलंय?’ हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मी देत नाही. मग मुलाची पुस्तकं मागून घेते. बरेचदा ती आणलेलीच नसतात, कारण नव्या मॅडमकडे नवी पुस्तकं लागतील असा सगळ्यांचा समज असतो. पुढच्या वेळी ती जुनी पुस्तकं आणायला मी आवर्जून सांगते.

त्या पुस्तकांत आधीच्या शिक्षकांची पेन्सिल असते. कुठल्या सुराला गोल केलाय, कुठे बोटाचा आकडा खोडून दुसरा लिहिलाय, कुठल्या ओळीवर मात्रा मोजून उभ्या रेघा मारल्यात, कोपऱ्यात तारखा आहेत, बरोबरची खूण आहे. एकाच जागेवर तीन वेगवेगळ्या दिवशी गोल केलेला दिसला की कळतं, मूल तिथे अडत होतं आणि शिक्षकाच्या ते लक्षात आलं होतं. पुस्तकाच्या मध्यावर खुणा एकदम विरळ झालेल्या दिसल्या, तर तिथून दोघांचाही उत्साह ओसरला असावा. दुसऱ्या शिंप्यानं अर्धवट शिवलेलं कापड हाती आलं, तर जाणता शिंपी आधी ते उलटं करून आतली शिवण बघतो. माझंही पहिलं काम तेच. आधीच्या खुणा मी खोडत नाही. माझ्या खुणा दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं करते, म्हणजे कुणी काय सांगितलं ते मुलाला आणि मलाही वेगळं दिसत राहतं.

पुस्तकानंतर हात वाचायचे. कीबोर्डवर शिकलेलं मूल पियानोवर बसलं की पहिल्या मिनिटात ओळखू येतं. साध्या कीबोर्डला बहुधा एकसष्ट पट्ट्या असतात, त्यांच्याखाली स्प्रिंग असते आणि बोट टेकलं की आवाज येतो. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांमागे हातोड्या आहेत. पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते आणि तिला हलवायला पन्नासेक ग्रॅम वजन लागतं. ते वजन बोटाच्या टोकातून द्यायचं असतं, पण कीबोर्डवर त्याची गरजच पडलेली नसल्यामुळे बोटाचं शेवटचं पेर आत मोडतं, करंगळीचा सूर तर ऐकूच येत नाही. मात्र याच मुलाला डाव्या हाताचे कॉर्ड सहज ओळखता येतात, ताल यंत्राबरोबर वाजवल्यामुळे लय पक्की असते, गाणं ऐकून सूर शोधायची सवय असते. मला फक्त बोटांना वजन शिकवायचं असतं, बाकीची ठेव तयार मिळते.

दुसरा प्रकार मधल्या सी सुराला बांधलेल्या मुलांचा. दोन्ही अंगठे मधल्या सीवर ठेवून सुरुवात करायची ही पद्धत जुनी आहे, आणि लहान मुलाला दोन्ही हात लगेच वापरायला मिळतात म्हणून चांगलीही आहे. पण तिथे फार दिवस मुक्काम झाला, की मूल सुराऐवजी बोटाचा आकडा वाचू लागतं. एक म्हणजे सी, दोन म्हणजे डी. तीच धून मी जी सुरापासून लिहून दिली की हात थबकतो. अशा मुलाला मी बेला बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’चा पहिला भाग देते. सहा भागांत एकशे त्रेपन्न पीस आहेत आणि पहिले दोन भाग बार्टोकनं आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले आहेत. सुरुवातीला दोन्ही हात अष्टकाच्या अंतरानं एकच धून वाजवतात. सूर पाचच, पण हाताची जागा सरकत राहते. चौथ्या ग्रेडच्या मुलाला हे पुस्तक दिलं की त्याचा चेहरा पडतो, “हे तर बाळांचं आहे.” म्हणून मी त्यातले पीस पाठ करायला देत नाही, न बघितलेलं पान उघडून एकदाच वाजवायला देते. वाचन सुटं व्हायला लागलं की चेहरा आपोआप उजळतो.

तिसरा प्रकार परीक्षेत अडकलेल्या मुलांचा. एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षकासमोरच्या परीक्षेत दीडशे मार्क असतात. त्यांतले नव्वद तीन पीसना, एकवीस स्केलना, एकवीस साइट-रीडिंगला आणि अठरा कानाच्या चाचणीला. शंभराला पास, एकशेवीसला मेरिट, एकशेतीसला डिस्टिंक्शन. हिशेब मांडला की लक्षात येतं, तीन पीस वर्षभर घोटले तर बरंच काही हाती लागतं. ही मुलं तीन पीस इतके देखणे वाजवतात की ऐकत राहावं. चौथा, त्याहून सोपा पीस समोर ठेवला की गप्प. यात आधीच्या शिक्षकाचा दोष शोधायला जाऊ नये, कारण निकालासाठी घाई घरूनही झालेली असते. अशा मुलाची मी वर्षभर परीक्षा थांबवते. पालकांना हे पटवायला वेळ लागतो, पण तो वेळ घ्यावाच लागतो.

आणि 2020च्या टाळेबंदीत पडद्यावरून शिकायला लागलेली मुलं. फोनचा कॅमेरा बाजूला ठेवलेला, त्यामुळे शिक्षकाला एकच हात नीट दिसायचा. आवाज मोठा-लहान झालेला यंत्र सपाट करून टाकायचं, म्हणून ही मुलं सगळं एकाच जोरात वाजवतात. आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे शिक्षकाबरोबर एकत्र वाजवणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. पण शिक्षक शेजारी नसल्यामुळे मात्रा स्वतः मोजणं, बोटांचे आकडे स्वतः लिहिणं, आपली चूक आपण पकडणं हे ती लवकर शिकली. हा स्वावलंबीपणा मी प्राणपणानं जपते.

गोव्याहून आलेली एक मुलगी इथे सांगायला हवी. तिथे पोर्तुगीज काळापासून चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरवाचन, शिकवण्याची परंपरा होती. तिचे आधीचे सर त्याच मुशीतले, वयानं मोठे. पट्टीला हात लावण्याआधी ओळ गायची, गाताना हातानं मात्रा द्यायच्या, हा त्यांचा नियम. त्यामुळे तिचे पीस कमी झाले होते आणि इथल्या तिच्या वयाच्या मुलांच्या मानाने ती मागे आहे असं तिच्या आईला वाटत होतं. “मॅडम, गाण्यातच वेळ जातो हो, वाजवणं कमीच होतं,” आई म्हणाली. मी ते गाणं बंद केलं नाही.

तिच्या हातात मात्र एक अडचण होती. अंगठा पट्टीच्या कडेवरून खाली लोंबायचा, त्यामुळे स्केलमध्ये तिसऱ्या बोटाखालून तो सरकवताना मनगटाला झटका बसायचा. हे बदलायचं होतं. अशा वेळी माझा एक नियम आहे. नवी सवय नेहमी नव्या पीसवर लावायची, जुना पीस दुरुस्त करत बसायचा नाही. जुन्या पीसमध्ये जुनी हालचाल मुरलेली असते. तिथे बोट बदलायला लावलं की हात गोंधळतो आणि जे आपलं होतं तेही गेलं असं मुलाला वाटतं. म्हणून तिचे येणारे पीस तसेच ठेवले आणि अंगठ्यासाठी बी मेजरचं स्केल दिलं. पाच काळ्या पट्ट्या, लांब बोटं त्यांवर आपसूक टेकतात, आणि अंगठ्याला पांढऱ्या पट्टीवर सरकायला मोकळी जागा मिळते. वाचायला अवघड, पण हाताला सोपं. ही युक्ती माझी नाही. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना आधी बी मेजर द्यायचा आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर शेवटी ठेवायचा.

काही महिन्यांनी तिच्यापुढे बाखचं सी मेजरमधलं पहिलं इन्व्हेन्शन ठेवलं. बाखनं ही पंधरा द्विस्वरी इन्व्हेन्शन्स 1723मध्ये एकत्र लिहून काढली. त्यांतल्या बऱ्याच रचनांची आधीची रूपं त्यानं थोरल्या मुलासाठी केलेल्या वहीत आहेत. दोन हात, दोन स्वतंत्र गळे, एकानं सुरू केलेलं दुसऱ्यानं उचलायचं. बहुतेक मुलं इथे उजव्या हाताचं ऐकतात आणि डावा हात नुसता चालवतात. ही मुलगी पहिल्याच आठवड्यात उजव्या हाताची ओळ गात डाव्याची वाजवू लागली आणि नंतर उलट. मी ज्यासाठी इतर मुलांबरोबर महिनोन्‌महिने झगडते ते तिच्याकडे आधीपासून होतं. त्या सरांनी पेरलेलं माझ्या खोलीत उगवलं. मी पहिल्या आठवड्यात ‘आता गाणं पुरे’ म्हटलं असतं तर ते कायमचं गेलं असतं, आणि काय गेलं ते कुणाला कळलंही नसतं.

शोपँचं उदाहरण मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. सी मेजरपासून सुरू करणाऱ्या शिक्षकाचं मूल उद्या बी मेजरपासून सुरू करणाऱ्याकडे गेलं, तर त्याला वाटेल आतापर्यंतचं सगळं चुकलं. प्रत्यक्षात दोघंही एकाच हाताला एकाच वाद्याकडे नेत असतात. कार्ल चेर्नी लहानपणी बेथोवेनकडे शिकला, आणि बेथोवेननं त्याला सुरुवातीचे धडे सगळ्या स्केलचे दिले. पुढे व्हिएन्नात चेर्नीकडे छोटा फ्रान्झ लिस्ट आला. तोवर त्याला वडिलांनी शिकवलं होतं. चेर्नीनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की मुलाचं वाजवणं अस्ताव्यस्त होतं आणि कुठलं बोट कुठे याचं त्याला भान नव्हतं, पण त्याच्या देणगीनं चेर्नी थक्क झाला. त्यानं त्याला स्केल दिले, क्लेमेंटीच्या सोनाटा देऊन लय आणि आवाज घडवला. ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याची मुलाची हौस मात्र मारली नाही. शिस्त नव्या शिक्षकाकडून आली, आग आधीचीच राहिली. 1852मध्ये छापलेली आपली अतिशय कठीण एट्यूड्स लिस्टनं चेर्नीला अर्पण केली.

आपल्याकडे गुरू बदलणं ही फार नाजूक गोष्ट. गंडा एकाचा बांधला की दुसऱ्याच्या दारी जाताना मन कचरतं. तरीही भास्करबुवा बखल्यांसारखा गवई फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांकडून तीन घराण्यांची तालीम घेतो, आणि त्यातून तयार झालेलं आपलं गाणं बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्यापर्यंत पोचवतो. मल्लिकार्जुन मन्सूर आधी ग्वाल्हेरच्या वळणात नीळकंठबुवांकडे शिकले, मग मंजी खाँकडे, आणि 1937मध्ये मंजी खाँ गेल्यावर भुर्जी खाँकडे. यांतल्या कुणाही नव्या गुरूला आधीचा गळा पुसावा लागला नाही. आधीचं पुसून टाकायची ताकद खरं तर कुठल्याच शिक्षकात नसते. तो फक्त मुलाला त्याची लाज वाटायला लावू शकतो, आणि तसं होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कारण मूल या सगळ्यात एकटं असतं. आई-वडील त्याच्यासमोर म्हणतात, “आधीच्या मॅडमनी काही बेसिकच घेतलं नाही.” ज्या मॅडमनी त्याला पहिला सूर दाखवला, वाढदिवसाला चॉकलेट दिलं, पहिल्या कार्यक्रमात शेजारी बसून पानं उलटली, त्यांच्याबद्दल हे ऐकताना मूल खाली बघतं. मी तिथल्या तिथे म्हणते, “याचा हात छान मोकळा आहे, कुणीतरी मेहनत घेतली आहे.” खोटं बोलावं लागत नाही, काहीतरी चांगलं नेहमी सापडतं. आधीच्या शिक्षकाविषयी वाईट शब्द माझ्या खोलीत बोलायचा नाही, हे पालकांना मी एकदा बाजूला घेऊन स्पष्ट सांगते.

आधीचं तसंच राहू देण्याला अपवाद एकच, तो म्हणजे दुखणं. वाजवताना मनगट, कोपराखालचा हात किंवा खांदा दुखत असेल तर हळूहळू, नव्या पीसवर वगैरे काही नाही. त्या दिवशीच थांबायचं, बसायची उंची बदलायची, जुने पीस बंद करायचे, आणि गरज पडली तर आधी डॉक्टर.

काही आठवड्यांनी मुलं एक वाक्य म्हणतात, ते मला फार मोलाचं वाटतं: “पण आमच्या मिस वेगळं सांगायच्या.” पुष्कळ शिक्षकांना हे टोचतं. मी म्हणते, “दाखव त्या कसं सांगायच्या.” मूल तसं वाजवतं. मग मी म्हणते, “आता माझ्या पद्धतीनं वाजव. डोळे मिटून ऐक आणि मला सांग, इथे कुठलं बरं वाटतं?” कधी मिसचं जिंकतं, कधी माझं. एकच शिक्षक असताना बरोबर म्हणजे शिक्षक म्हणतो ते, एवढंच मुलाला माहीत असतं. दुसरा शिक्षक आला की विश्वास ठेवावा अशी दोन मोठी माणसं वेगळं सांगताना त्याला पहिल्यांदा दिसतं, आणि निवाडा आपल्या कानाला करावा लागतो. शिक्षक बदलण्यातून मिळण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर हेच आहे. पण दोन शिक्षकांमधला एक मुलाच्या मनात खोटा ठरलेला नसेल, तरच ते मिळतं.

माझ्याकडूनही मुलं जातात. एक मुलगा आठवी ग्रेड झाल्यावर डिप्लोमाच्या तयारीला लागला. त्याला हव्या असलेल्या मोठ्या रचना मी वाजवून दाखवू शकेन एवढा माझा त्यांच्याशी रोजचा सराव नाही. मुंबईत अशी तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांकडे मीच त्याला पाठवलं. सोबत एक चिठ्ठी दिली. अशी चिठ्ठी मी आता प्रत्येक जाणाऱ्या मुलाबरोबर देते. तिच्यात काय काय झालं ते लिहिते: कुठले पीस पूर्ण, कुठले अर्धे, कुठली स्केल कुठल्या बोटांनी, डावा हात अष्टकापर्यंत पोचतो की नाही, पेडल सुराबरोबर बदलतो की उशिरा, घरी पियानो आहे की कीबोर्ड, वाचन कितपत, कशानं खूश होतो, कशाला घाबरतो. निकाल लिहीत नाही. ‘आळशी’, ‘हुशार’ असे शब्द नाहीत. ते नव्या शिक्षकानं आपल्या कानांनी ठरवावं. त्या मुंबईच्या शिक्षकांचा फोन आला, पेडलबद्दल त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि आमची ओळख झाली. दोन शिक्षक एकमेकांशी बोलतात हे कळल्यावर तो मुलगा निर्धास्त झाला.

पालकांना माझं सांगणं थोडक्यात आहे. नुसत्या एका कमी निकालावरून शिक्षक बदलू नका. बारा-तेराव्या वर्षी सगळ्याचाच कंटाळा येतो, तो शिक्षकाचा कंटाळा समजू नका. मुलाला क्लासला जायची भीती वाटत असेल, हात दुखत असेल, वर्षभर नवं काही वाचलं नसेल, किंवा शिक्षक स्वतः ‘आता पुढे पाठवा’ म्हणत असेल, तर मात्र उशीर करू नका. ठरलं की नवीन क्लास गुपचूप सुरू करून जुन्याला व्हॉट्सॲपवर निरोप टाकू नका. भेटा, महिनाभर आधी सांगा, शेवटचा तास ठेवा आणि त्या तासाला मुलाला आवडेल ते वाजवू द्या. शिक्षकाकडून चिठ्ठी मागा. बहुतेक शिक्षक आनंदानं देतात, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

आणि नव्या शिक्षकांना, विशेषतः नुकतंच शिकवायला लागलेल्या तरुण मुला-मुलींना सांगते. मधूनच आलेल्या मुलाबरोबर सुरुवातीची घाई टाळा. वर्षभरानं त्याला एक न पाहिलेला पीस स्वतः निवडू द्या. त्यानं तो आपला आपण वाचला, बोटांचे आकडे स्वतः लिहिले, त्यांतले काही तुमच्या पद्धतीचे, काही आधीच्या शिक्षकाचे आणि एखादा पूर्णपणे त्याचा स्वतःचा असला, आणि तो का निवडला हे त्याला सांगता आलं, तर बदल नीट झाला असं समजा. अशा मुलाला उद्या पुन्हा गाव बदलावं लागलं, पुन्हा कुणी तिसरे मिस किंवा सर भेटले, तरी त्याचं काही अडणार नाही. तेवढं झालं की आपलं शिकवणं पोचलं.